वंगणतेलाचे भूजलातील विघटन : एका मोजमापाचे परीक्षण

१

वंगणतेलाच्या डब्यावर ‘जैविक रीत्या विघटनशील’ अशी अक्षरे छापलेली असली, म्हणजे ग्राहकाचा सामान्यतः असा समज होतो, की हे तेल जमिनीवर सांडले तरी मातीतील जीवाणू त्याचा यथाकाल निकाल लावतील आणि विहिरीच्या पाण्यास त्यापासून भय राहणार नाही. या अक्षरांच्या मागे एक आकडा असतो, आकड्याच्या मागे एक परीक्षा असते आणि परीक्षेच्या मागे काही गृहीते असतात. ग्राहक अक्षरे वाचतो, अधिकारी आकडा वाचतो; गृहीते वाचण्याचे काम मात्र बहुधा कोणाकडेच सोपविलेले नसते. हा आकडा कसा निघतो, तो नेमके काय सांगतो आणि भूगर्भातील पाण्याच्या बाबतीत त्याच्यावर कितपत विसंबता येते, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

भूजलाचा विचार वेगळा करण्याचे कारण उघड आहे. नदीत तेल सांडले तर तवंग दिसतो, तळ्यात सांडले तर मासे मरतात आणि बोभाटा होतो. जमिनीत मुरलेल्या तेलाच्या वाट्याला असा साक्षीदार येत नाही. ते मातीच्या रंध्रांत अडकून राहते, भूजलाच्या पातळीबरोबर वरखाली होते आणि त्याचा पत्ता लागतो तो बहुधा पाण्याला वास येऊ लागल्यावर. जेथे डोळ्यांना काही दिसत नाही, तेथे सारी भिस्त मोजमापावर असते. आणि म्हणूनच तेथील मोजमाप सदोष असेल, तर तो दोष इतर कोणत्याही मार्गाने उघडकीस येण्याचा संभव फार थोडा असतो.

२

वंगणतेलांसाठी वापरल्या गेलेल्या परीक्षांपैकी सर्वांत प्रसिद्ध परीक्षा ‘सी.ई.सी. एल-३३’ या नावाने ओळखली जाते. इंधने व वंगणे यांच्या परीक्षापद्धती ठरविणाऱ्या युरोपीय समन्वय मंडळाने ती १९८२ साली तात्पुरत्या स्वरूपात आणि १९९३ साली मान्य स्वरूपात प्रसृत केली. तिचा मूळ हेतू मर्यादित होता. होडीच्या मागील बाजूस बसविल्या जाणाऱ्या द्विघाती एंजिनात वंगणतेल इंधनातच मिसळलेले असते आणि त्याचा काही भाग न जळताच धुरासोबत पाण्यात जातो. युरोपातील सरोवरांच्या पाण्यात अशा तेलाचे पुढे काय होते, एवढेच या परीक्षेने पाहावयाचे होते. पुढे मात्र ही परीक्षा यंत्रांतील दाबतेले, करवतीच्या साखळीची तेले, ग्रीज अशा सर्वच वंगणांना लावण्यात येऊ लागली, आणि ८० टक्के हा आकडा अनेक खरेदीपत्रकांत उत्तीर्णतेची रेषा म्हणून रूढ झाला.

परीक्षेची रीत अशी. क्षारयुक्त पाण्यात थोडे तेल घालावयाचे, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील जीवाणू त्यात सोडावयाचे, आणि चंबू २५ अंश सेल्सिअस तपमानात, अंधारात, २१ दिवस हलवीत ठेवावयाचे. शेवटी उरलेले तेल एका विद्रावकात ओढून घ्यावयाचे आणि अवरक्त किरणांच्या २,९३० या तरंगांकाजवळ ते किती शोषण करते हे पाहावयाचे. हे शोषण कार्बन व हायड्रोजन यांमधील बंधामुळे होते. शेजारीच पाऱ्याच्या विषारी क्षाराने जीवाणू मारलेले काही चंबू ठेवलेले असतात. जिवंत चंबूतील शोषण आणि मृत चंबूतील शोषण यांच्या फरकावरून टक्केवारी काढली जाते.

या रचनेचे गुण मान्य केले पाहिजेत. मृत चंबूंची योजना करून काचेला चिकटलेल्या किंवा हवेत उडून गेलेल्या तेलाचा हिशेब तिने प्रामाणिकपणे बाजूला काढला आहे. पाण्यात न विरघळणाऱ्या पदार्थाची परीक्षा घेणे हे मुळातच कठीण काम आहे. ते तिने साध्या साधनांनी साधले. तथापि, ती ज्याला ‘विघटन’ म्हणते ते केवळ मूळ पदार्थाचे नाहीसे होणे होय. तेलाच्या एका लांब शृंखलेच्या टोकाशी जीवाणूने प्राणवायू जोडला आणि तिचे आम्ल बनविले, तर शृंखलेतील जवळजवळ सर्व कार्बन जागच्या जागी असतो. परंतु असे आम्ल क्षाररूपाने पाण्यात राहिले आणि विद्रावकात उतरले नाही, तर परीक्षेच्या वहीत त्या रेणूच्या नावापुढे ‘विघटित’ अशी नोंद होते. घर सोडून गेलेल्या माणसाची मृतांत गणना करावी, तशातला हा प्रकार आहे. सरोवराच्या पृष्ठावर, जेथे हवा, प्रकाश व अगणित जीवाणू पुढील काम करण्यास सज्ज असतात, तेथे या चुकीने फारसे बिघडत नाही. भूजलात मात्र पाण्यात न विरघळणारा पदार्थ जागीच अडकून राहतो आणि विरघळणारा पदार्थ पाण्याबरोबर चालू लागतो. परीक्षेने ज्याला हिशेबातून वगळले, तोच भाग विहिरीच्या दिशेने प्रवास करण्यास अधिक समर्थ असतो.

या परीक्षेचा अंत मात्र या दोषामुळे झाला नाही. निष्कर्षणासाठी वापरले जाणारे क्लोरीन-फ्लुओरीनयुक्त विद्रावक ओझोनच्या थराला घातक ठरले आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्यांचा वापर आवरता घ्यावा लागला. २०१२ साली तिची जागा गॅस क्रोमॅटोग्राफीवर आधारलेल्या नव्या पद्धतीने घेतली. उपकरण बदलले, परंतु मूळ तेल किती नाहीसे झाले, हा प्रश्न तोच राहिला. दोष पद्धतीच्या विद्रावकात नव्हे, तर तिने विचारलेल्या प्रश्नात होता, ही गोष्ट या स्थित्यंतरात काहीशी दृष्टीआड झाली असे म्हणावे लागते.

३

दुसरी परंपरा आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या, म्हणजे ओ.ई.सी.डी.च्या, ३०१ क्रमांकाच्या परीक्षांची आहे. १९८१ साली स्वीकारलेल्या व १९९२ साली सुधारलेल्या या मालिकेत सहा पद्धती आहेत. त्यांपैकी काहींत जीवाणूंनी वापरलेला प्राणवायू मोजतात, काहींत बाहेर पडलेला कार्बन डाय-ऑक्साइड मोजतात, तर काहींत पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनाची घट पाहतात. वंगणतेल पाण्यात विरघळत नसल्यामुळे शेवटचा प्रकार त्याच्या उपयोगाचा नाही. पहिले दोन मात्र उपयोगी पडतात. अवधी २८ दिवसांचा असतो. प्राणवायू किंवा कार्बन डाय-ऑक्साइड यांच्या सैद्धान्तिक परिमाणाच्या ६० टक्के मजल गाठली, म्हणजे पदार्थ ‘सहज विघटनशील’ ठरतो. उरलेल्या कार्बनाचा बराचसा भाग जीवाणूंच्या नव्या शरीरांत गेलेला असतो, म्हणून शंभराची अपेक्षा ठेवलेली नाही.

तात्त्विक दृष्ट्या ही परंपरा पहिलीपेक्षा निःसंशय श्रेष्ठ आहे. ती पदार्थाच्या गैरहजेरीवर समाधान मानीत नाही. त्याच्या अंतिम अवस्थेचा पुरावा मागते. शिवाय ती जाणूनबुजून कठोर ठेवलेली आहे. जीवाणू थोडे, त्यांना त्या पदार्थाची पूर्वीची सवय नाही, आणि खाण्यास दुसरे काही नाही. यास्तव या परीक्षेत उत्तीर्ण होण्याला अर्थ आहे. अनुत्तीर्ण होण्याला मात्र तेवढा अर्थ नाही. जो पदार्थ २८ दिवसांत विघटित झाला नाही तो कधीच विघटित होणार नाही, असे यावरून सिद्ध होत नाही. २००५ साली वंगणांसाठी सुरू झालेल्या युरोपीय पर्यावरणचिन्हाने संपूर्ण विघटनाच्या कसोट्यांचा आधार घेतला, ही योग्य दिशेनेच झालेली प्रगती होय.

परंतु या परीक्षा मुळात एकेका शुद्ध रसायनासाठी रचलेल्या होत्या, आणि वंगणतेल हे मिश्रण आहे. खनिज तेलात सरळ, शाखायुक्त व वलयांकित असे असंख्य हायड्रोकार्बन असतात. शिवाय त्यात झीज थांबविणारी, गंज रोखणारी व तेलाचे स्वतःचे ऑक्सिडीकरण लांबविणारी पूरक द्रव्ये घातलेली असतात. एखाद्या शुद्ध पदार्थाचा आकडा ६० असेल, तर सर्व रेणूंची गत जवळजवळ सारखी झाली असे मानण्यास आधार असतो. मिश्रणाचा आकडा ६० असेल, तर एक भाग पूर्णपणे संपला आणि दुसऱ्याला जीवाणूंनी स्पर्शही केला नाही, हेही तितकेच संभवनीय असते. आणि भूजलाच्या दृष्टीने खरा प्रश्न या दुसऱ्या भागाचाच असतो. सरासरी पर्जन्यमान चांगले असूनही एखाद्या गावी दुष्काळ असावा, त्याप्रमाणे चांगल्या सरासरीच्या आड न विघटणारा अवशेष लपून बसू शकतो.

आणखी एक उणीव दोन्ही परंपरांना समान आहे. परीक्षेला बसते ते डब्यातील कोरे तेल. जमिनीत जाते ते पुष्कळदा वापरलेले तेल. एंजिनातून उतरविलेल्या काळ्या तेलात झिजलेले धातू, जळणातून आलेले बहुवलयी हायड्रोकार्बन आणि उष्णतेने रूपांतर पावलेली पूरक द्रव्ये असतात. कोऱ्या तेलाचे प्रमाणपत्र या तेलाला लागू करणे तर्काला धरून नाही.

४

आता प्रयोगशाळेतील चंबू आणि भूगर्भातील खडक यांची तुलना करू गेल्यास पहिला फरक प्राणवायूचा आढळतो. वंगणतेलातील हायड्रोकार्बनात एका कार्बनामागे सुमारे दोन हायड्रोजन असतात, असे धरून हिशेब केला तर एक ग्रॅम तेलाच्या संपूर्ण ऑक्सिडीकरणाला सुमारे ३·४ ग्रॅम प्राणवायू लागतो. २५ अंश सेल्सिअस तपमानाच्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त ८·३ मिलिग्रॅम प्राणवायू प्रतिलिटर विरघळू शकतो. म्हणजे एक लिटर तेलासाठी, ज्याचे वजन सुमारे ८८० ग्रॅम भरेल, तीन किलोग्रॅम प्राणवायू हवा. आणि तेवढा प्राणवायू सुमारे साडेतीन लाख लिटर संपृक्त पाण्यात असतो. जीवाणूंच्या शरीरात जाणारा कार्बन वजा केला तरी या आकड्याचा दर्जा बदलत नाही. प्रयोगशाळेत ही अडचण जाणवत नाही, कारण चंबू हलता असतो, बाटलीत हवा असते आणि तेलाचे प्रमाण मोजून बेताचे ठेवलेले असते. भूगर्भात मात्र पाणी संथ चालते आणि वरची माती हवेची वाट अडविते. तेथे विघटनाचा वेग जीवाणूंच्या भुकेवर अवलंबून नसून प्राणवायूच्या पुरवठ्यावर अवलंबून असतो. अशा स्थितीत ‘अमुक दिवसांत अमुक टक्के’ हा तेलाचा गुणधर्म राहतच नाही. तो त्या जागेचा गुणधर्म होतो.

प्राणवायू संपला म्हणजे विघटन थांबते असे मात्र नाही. जीवाणू क्रमाक्रमाने नायट्रेट, मँगनीज, लोह व सल्फेट यांचा आधार घेतात आणि शेवटी मिथेन निर्माण करणाऱ्या जीवाणूंचे राज्य सुरू होते. संपृक्त हायड्रोकार्बन प्राणवायूवाचून विघटत नाहीत, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. १९९१ साली जर्मन संशोधकांनी केवळ सल्फेटच्या साहाय्याने हेक्झाडेकेनावर जगणारा जीवाणू वेगळा करून दाखविला, आणि १९९९ साली त्याच पदार्थाचे मिथेनमध्ये रूपांतर होत असल्याचे सिद्ध झाले. तेव्हा प्रश्न होते की नाही हा नसून किती सावकाश होते हा आहे. या सावकाश मार्गाची परीक्षा घेणारी ओ.ई.सी.डी.ची ३११ क्रमांकाची पद्धत २००६ पासून उपलब्ध आहे. परंतु तिच्यात सांडपाण्याचा कुजविलेला गाळ ३५ अंश तपमानात ६० दिवसांपर्यंत ठेवतात. ती गाळ कुजविणाऱ्या टाकीचे प्रतिरूप आहे, जलधारी खडकाचे नव्हे. ३०१ ते ३१४ या मालिकेत समुद्राच्या पाण्यासाठी, मातीसाठी, तळाच्या गाळासाठी व पृष्ठजलासाठी स्वतंत्र पद्धती आहेत. भूजलाच्या नावाची पद्धत नाही. ज्या पाण्यावर असंख्य खेडी जगतात, त्याला या मांडवात बसण्यास पाट नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

दुसरा फरक तेलाच्या अवस्थेचा आहे. वंगणतेलातील हायड्रोकार्बन बहुधा वीस ते चाळीस कार्बनांचे, म्हणून पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असतात. चंबूत त्यांचे सूक्ष्म थेंब होतात व जीवाणूंना मोठे पृष्ठफळ मिळते. खडकाच्या रंध्रात तेच तेल गोळ्याच्या रूपाने अडकते. जीवाणूंची गाठ पडते ती केवळ त्याच्या कडेशी. यातूनच नमुना घेण्याचा प्रश्न उद्भवतो. विहिरीतून बाटलीभर पाणी काढून त्यात तेल सापडले नाही, तर तेल विघटले असा निष्कर्ष काढता येत नाही. तेल पाण्यात नव्हतेच, ते खडकात होते, एवढेच त्यावरून ठरते.

५

प्रयोगशाळेवर विसंबता येत नसेल, तर मोजमाप प्रत्यक्ष जागेवर करावे, हे ओघानेच येते. परंतु तेथेही डिझेल किंवा कच्च्या तेलासाठी तयार झालेली साधने वंगणतेलाला लावताना पुरेसा विवेक केला जात नाही.

पाण्यातील तेल मोजण्याची आय.एस.ओ. ९३७७-२ ही २००० साली प्रसिद्ध झालेली पद्धत घ्यावी. तीत विद्रावकाने काढलेला अर्क फ्लोरिसिल नावाच्या चूर्णातून गाळून घेतात आणि मग दहा ते चाळीस कार्बनांच्या दरम्यान येणारे हायड्रोकार्बन मोजतात. गाळण्याचा हेतू चरबीसारखे ध्रुवीय पदार्थ वगळण्याचा असतो, व तो रास्त आहे. परंतु तेलाच्या अर्धवट विघटनातून निर्माण होणारी आम्ले व अल्कोहोले हीही ध्रुवीयच असतात, आणि तीही त्याच चूर्णात अडकतात. परिणामी एल-३३ परीक्षेतील उणीव वेगळ्या वेषात पुनः पुढे येते. त्यातच वनस्पतिजन्य किंवा एस्टर जातीचे वंगण असेल, तर त्या ध्रुवीय तेलाचाही मोठा भाग या गाळणीत राहून जाऊ शकतो, आणि जेथे तेल आहे तेथे ते नाही असा निर्वाळा मिळण्याचा धोका उत्पन्न होतो.

विघटनाची खूण म्हणून डिझेलच्या बाबतीत सतरा कार्बनांचा सरळ हायड्रोकार्बन व प्रिस्टेन यांचे गुणोत्तर पाहण्याची चाल आहे. सरळ शृंखला जीवाणू आधी खातात, शाखायुक्त प्रिस्टेन मागे राहते. म्हणून गुणोत्तर घटले की विघटन झाले असे समजतात. वंगणतेलाला ही खूण लागू पडत नाही. ते थंडीत गोठू नये म्हणून त्यातील मेण, म्हणजेच सरळ शृंखला, कारखान्यातच काढून टाकलेले असते, आणि प्रिस्टेन त्याच्या उकळण्याच्या मर्यादेत बसत नाही. त्याऐवजी होपेन या अत्यंत चिवट संयुगाशी तुलना करणे अधिक ग्राह्य होय. १९९४ साली कच्च्या तेलासाठी मांडलेली ही कल्पना खनिज वंगणतेलाला चांगली लागू पडते, कारण होपेन त्यात असते. परंतु कृत्रिम रीतीने बनविलेल्या किंवा वनस्पतिजन्य तेलात होपेन नसते. म्हणजे ज्या तेलांची जाहिरात विघटनशील म्हणून केली जाते, नेमकी तीच या मापाच्या कक्षेबाहेर राहतात.

हीच विसंगती किरणोत्सर्गी कार्बनाच्या बाबतीत दिसते. खनिज तेल कोट्यवधी वर्षांपूर्वीचे असल्यामुळे त्यात कार्बन-१४ उरलेला नसतो. भूजलातील किंवा मातीतील कार्बन डाय-ऑक्साइडमध्ये कार्बन-१४ चे प्रमाण घटलेले आढळले, तर तो वायू तेलापासून निघाला असे अनुमान, चुनखडीचा हिशेब वजा करून, करता येते. हा संपूर्ण विघटनाचा उत्तम पुरावा होय. पण सरकी, मोहरी किंवा सोयाबीन यांच्या तेलातील कार्बन कालपरवाचाच असतो. पालापाचोळा कुजून निघालेल्या वायूपासून त्याचा वायू या रीतीने वेगळा ओळखता येत नाही.

जागेवरील मोजमाप किती काळ व किती चिकाटीने करावे लागते, याचा आदर्श म्हणून अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ चाललेल्या अभ्यासाकडे बोट दाखविता येईल. तेथे २० ऑगस्ट १९७९ रोजी नळ फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल सांडले. साफसफाईनंतरही सुमारे ४ लाख लिटर जमिनीत राहिले. १९८३ पासून अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने तेथे अखंड निरीक्षण चालविले. ते तेल वंगणतेल नव्हे, हे खरे. तथापि दोन गोष्टी तेथे अशा दिसून आल्या, की ज्यांचा प्रस्तुत विषयाशी निकट संबंध आहे. एक, तेलाचा गाभा लवकरच प्राणवायूविहीन झाला आणि तेथील विघटन लोह व मिथेन यांच्या मार्गाने दशकानुदशके चालू राहिले. दुसरी, अर्धवट विघटनातून निर्माण झालेले, बाष्परूप न होणारे विद्राव्य सेंद्रिय पदार्थ भूजलाच्या प्रवाहात मूळ हायड्रोकार्बनांच्या पलीकडे पोचलेले आढळले. केवळ हायड्रोकार्बन मोजणाऱ्याला प्रदूषणाची सीमा जेथे संपली असे वाटले असते, तेथे ती संपलेली नव्हती. एकवीस दिवसांच्या चंबूने या दोहोंपैकी एकही गोष्ट सांगितली नसती.

६

येथवर विघटनाचा वेग जितका जास्त तितके चांगले, हे गृहीत धरले. भूजलाच्या बाबतीत हे गृहीतही तपासून पाहण्यासारखे आहे. क्लोरीनयुक्त विद्रावकांनी दूषित झालेले भूजल शुद्ध करण्यासाठी अमेरिकेत एक उपाय योजतात. सोयाबीनच्या तेलाचे पाण्यातील पायस विंधणविहिरीतून मुद्दाम भूगर्भात सोडतात. त्याचे काम हे, की ते जीवाणूंनी खावे, खाताना प्राणवायू संपवावा, आणि प्राणवायूविहीन स्थितीत त्या विद्रावकांतील क्लोरीन काढून टाकणाऱ्या जीवाणूंना अनुकूल परिस्थिती लाभावी. येथे जो परिणाम हेतुपुरस्सर घडवून आणला जातो, तोच परिणाम वनस्पतिजन्य वंगण भूजलात सांडले असता अनाहूतपणे घडणार, हे उघड आहे. प्राणवायू गेला म्हणजे खडकातील लोह व मँगनीज विरघळून पाण्यात येतात. आणि लोहाच्या ऑक्साइडांना चिकटलेले आर्सेनिक असल्यास तेही मोकळे होऊ शकते. बेमिजी येथे तेलाच्या विघटनाबरोबर आर्सेनिक असे पाण्यात उतरल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविले आहे.

यावरून वनस्पतिजन्य तेल वाईट आणि खनिज तेल चांगले, असा विपरीत निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. खनिज तेलाचा अवशेष पिढ्यान्‌पिढ्या राहू शकतो. वनस्पतिजन्य तेलाचा उपद्रव तीव्र परंतु बहुधा अल्पकालीन असतो. म्हणणे एवढेच, की ‘विघटनशील’ आणि ‘निरुपद्रवी’ हे दोन भिन्न शब्द आहेत, आणि टक्केवारीचा आकडा पहिल्या शब्दाबद्दल थोडेफार सांगतो, दुसऱ्याबद्दल काहीच सांगत नाही. त्वरित विघटनाची किंमत पाण्यातील प्राणवायूने चुकविलेली असते. ती किंमत प्रमाणपत्रावर कोठेही लिहिलेली नसते.

७

महाराष्ट्राच्या भूमीचा सुमारे चार-पंचमांश भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. वाळूच्या थरातील भूजलासाठी केलेली अनुमाने येथे जशीच्या तशी चालणार नाहीत. या खडकात पाणी असते ते मुख्यतः वरच्या विदीर्ण थरात, लाव्ह्याच्या दोन थरांमधील सांध्यांत व भेगांत. भेगेतील पाणी वाळूतील पाण्यापेक्षा पुष्कळ वेगाने चालू शकते. उदाहरणादाखल, एखाद्या पदार्थाचा अर्धायुकाल २१ दिवस आहे असे धरले, आणि पाणी दिवसाला दहा सेंटिमीटर चालत असले, तर तो पदार्थ निम्मा होईपर्यंत जेमतेम दोन मीटर सरकेल. तेच पाणी भेगेतून दिवसाला दहा मीटर चालले, तर तो पदार्थ निम्मा होण्यापूर्वी २१० मीटर गेलेला असेल, आणि त्या अंतरात एखादी विहीर असणे मुळीच अशक्य नाही. चंबूतील वेग दोन्हीकडे एकच. परिणाम मात्र शंभरपट भिन्न. उलट, एका बाबतीत येथील परिस्थिती परीक्षेला अधिक जवळची आहे. मिनेसोटाचे भूजल दहा अंशांच्या आत असते. महाराष्ट्राचे भूजल परीक्षेतील २५ अंशांच्या आसपासचे असते. तपमानाचा आक्षेप येथे फारसा लागू होत नाही. तात्पर्य, परकीय परीक्षा सरसकट टाकाऊ ठरविणे किंवा सरसकट स्वीकारणे, दोन्ही सारखेच आळसाचे आहे. कोणता आक्षेप कोठे लागू पडतो, हे त्या त्या भूमीवर ठरवावे लागेल.

मग भूजलातील विघटनाचे मोजमाप विश्वसनीय ठरण्यास किमान काय असावे? पहिली गोष्ट, आकड्यासोबत तो कशाचा आहे हे सांगितले जावे : मूळ तेलाच्या नाहीसे होण्याचा, वापरलेल्या प्राणवायूचा, की निघालेल्या कार्बन डाय-ऑक्साइडचा. परीक्षेचे नाव नसलेली टक्केवारी म्हणजे परिमाण न सांगता दिलेले वजन होय. दुसरी, परीक्षा त्या जागेच्या मातीने व पाण्याने, त्या जागेच्या तपमानात, आणि प्राणवायू असताना व नसताना अशी दोन्ही प्रकारे घेतली जावी, व शेजारी जीवाणू मारलेला नमुना असावा. तिसरी, कार्बनाचा जमाखर्च जुळविला जावा : किती तेल उरले, किती विद्राव्य पदार्थ झाले, किती वायुरूप झाले आणि किती जीवाणूंच्या शरीरात गेले. ध्रुवीय पदार्थ गाळून टाकण्यापूर्वीचे व नंतरचे मोजमाप दोन्ही दिली, तरी या जमाखर्चातील मोठी खोट भरून निघेल. चौथी, तेलाबरोबर पाण्याचीही तपासणी व्हावी. प्राणवायू, नायट्रेट, लोह, सल्फेट व मिथेन यांचे आकडे एकत्र पाहिले, तर जमिनीत काय चालले आहे याची साक्ष पाणीच देते. एक ग्रॅम हायड्रोकार्बनाच्या संपूर्ण विघटनाला सल्फेटच्या मार्गाने सुमारे ५·१ ग्रॅम सल्फेट लागते, या साध्या प्रमाणावरून संशोधकाला आपल्या निष्कर्षाचा ताळा पाहता येतो. पाचवी, परीक्षेला कोऱ्या तेलाबरोबर वापरलेले तेलही बसविले जावे.

यांपैकी कोणतीही मागणी सामान्य सुसज्ज प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरची नाही. वेळ मात्र लागेल. आठवड्यांऐवजी महिने, क्वचित् वर्षे लागतील. एल-३३ आणि ३०१ या परीक्षा ज्या कामासाठी रचल्या गेल्या, ते काम त्यांनी चोख केले आहे : दोन तेलांची एकमेकांशी तुलना करणे आणि निवडीला दिशा देणे. त्यांच्याकडून विहिरीच्या पाण्याची हमी मागणे हा त्या परीक्षांचा दोष नसून ती मागणाऱ्यांचा आहे. एखादे तेल दुसऱ्या तेलापेक्षा लवकर विघटते, हे ज्ञान उपयुक्तच आहे. परंतु अमुक विहिरीजवळ सांडलेले अमुक तेल केव्हा व कोणत्या रूपात नाहीसे होईल, या प्रश्नाचे उत्तर त्या विहिरीच्या खडकावाचून दुसरा कोणताही चंबू देऊ शकणार नाही.